बावीस मिलिमीटर

एकतीस वर्षं लेथवर काढली, उद्यमबागेत.
निरोपाच्या दिवशी बाकीच्यांना भिंतीवरची घड्याळं मिळाली,
ती माझ्यापर्यंत येईतो संपली,
म्हणून मला एअर फ्रायर.
खोक्यावर हसणारी बाई, हातात कोंबडीची तंगडी.
आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही,
उरलेल्या दिवशी रस्सा लागतो,
आणि रस्सा काही हवेत तळता येत नाही.

मग आठवला बेंगळूरचा तो पाव.
कंपनीनं मशिनांच्या प्रदर्शनाला धाडलं होतं,
हॉटेलात सकाळी रचून ठेवलेले,
तुकतुकीत, भरीव, मधे भोक.
मला वाटलं, कुणी बेअरिंगं भाजलीत.
पाटीवर नाव: बेगल.
एक खाल्ला. एक कागदात गुंडाळून खिशात घातला
आणि मजगावला येऊन आधी मोजला.
बाहेरून अठ्ठ्याण्णव, आतून बावीस.
मालन म्हणाली,
"खायालाय का जॉब तपासालाय?"

तर मैदा अर्धा किलो, यीस्ट दोन चमचे,
पाणी कोमट, मनगटाला कळू नये इतकंच.
मळताना समजलं, हे चपातीचं पीठ नव्हे,
हे उलट ढकलतं.
दहा मिनिटांत तळहात दुखला नेमका त्या जागी
जिथं हँडव्हीलचा घट्टा आहे.

गोळ्याला भोक पाडलं, व्हर्नियर लावला.
बावीस. काटेकोर बावीस.
ओल्या फडक्याखाली झाकून चहा प्यायलो,
फडकं उचललं तर भोकं बुजलेली,
सहा बेंब्या माझ्याकडे बघत होत्या.

लोखंड ओतलं की आकसतं,
म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा,
हे मिसरूड फुटायच्या आधी शिकलो.
पिठाचं उलटं.
पीठ फुगतं, आणि बाहेर एवढं आभाळ पडलेलं असताना
आधी आतली मोकळी जागा खातं.
म्हणून दुसऱ्या खेपेला चाळीस.
अंगठ्यानं भोक, मग दोन बोटांवर गरगर.

उकळत्या पाण्यात संकेश्वरची काकवी सोडली,
एकेका बाजूला तीस सेकंद.
भाजायचंच आहे तर उकडता कशाला, हे मालनला पटलं नाही.
"कडबू तरी करा, नाहीतर पाव तरी. एक कायतरी करा की."

दूध लावलं. एकशेऐंशीवर दोन ठेवले,
जागाच दोघांपुरती,
आणि सातव्या मिनिटाला हेस्कॉमनं लाईट घेतली.

दोघे जाळीत अर्धे, पांढुरके,
तापातून उठल्यागत.
कुंपणावरून शांतव्वा हिरेमठ:
"एन माडाकत्तीरी?"
"भोकाचा पाव कराय लागलोय," मी.
अठरा वर्षं असंच. त्या त्यांच्यात, मी माझ्यात,
शेवग्याच्या शेंगा दोन्हीकडे पडतात.
त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे,
पण चौदाशे वॅट तो पेलणार नाही,
हे त्यांनाही ठाऊक, मलाही,
म्हणून कुणी विषय काढला नाही.
त्यांनी वाटीभर गुरेळ्ळु आणले, म्हणजे आपले कारळे,
आणि उरलेल्या चौघांवर न विचारता भुरभुरले.

"हेसरेन?"
"बेगल."
"बागिल?"
त्यांच्यात बागिल म्हणजे दार.
त्यांनी एक उचलून डोळ्याला लावला,
पलीकडून मालनला बघितलं,
आणि दोघी का हसल्या ते मला अजून कळलेलं नाही.

लाईट आली तेव्हा सव्वाचार.
पहिले दोन दगड झाले, ते माझे.
पुढचे चार तांबूस,
टिचकी मारली की आत पोकळ वाजणारे.
शांतव्वांच्या घरचं लोणी, वर चटणी.
बोलायला तोंड रिकामं नव्हतं कुणाचं.

आतून किती भरला ते मोजायचं राहिलंच.
व्हर्नियरच्या जबड्यात पीठ सुकलंय,
रॉकेलनं पुसून ठेवायला पाहिजे.
असू दे.
सोमवारी परत लागणार.